पळसखेडचे रान आणि ना. धों. महानोर

नामदेव धोंडो महानोर यांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी पळसखेड या गावी झाला. हे गाव अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर अंगाला, सोयगाव तालुक्यात आहे. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. कागदोपत्री मुलूख मराठवाड्याचा, पण अजिंठ्याची रांग ओलांडून खाली उतरले की पाण्याची दिशा बदलते. डोंगराच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीकडे जातो, उत्तरेला पडलेला वाघूरसारख्या नद्यांतून तापीकडे. पाण्याबरोबर माणसांचा ओढाही तिकडचाच. बाजार, सोयरिकी, दवाखाना, शाळा यांसाठी या भागातला माणूस घाट चढून औरंगाबादला जाण्यापेक्षा जळगाव, पाचोरा, जामनेर, शेंदुर्णी हीच वाट धरतो. महानोरांच्या बोलीत मराठवाडा आणि खानदेश एकमेकांत मिसळलेले दिसतात त्याचे कारण या भूगोलात आहे.

ते जन्मले तेव्हा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हाकेच्या अंतरावरचा जामनेर-पाचोऱ्याचा मुलूख मात्र ब्रिटिश हद्दीत. एकाच प्रकारची काळी जमीन, एकच कापूस आणि ज्वारी, पण मधून राज्याची शीव गेलेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा महानोर नुकतेच सहा वर्षांचे झाले होते. शिक्षण आधी पळसखेडला, मग पिंपळगाव आणि शेंदुर्णीला, म्हणजे जुनी शीव ओलांडून झाले. पुढे जळगावच्या महाविद्यालयात नाव घातले, पण घरची परिस्थिती बेताची होती. पहिल्याच वर्षी शिक्षण सुटले आणि ते शेतीवर परतले. मराठीतल्या बहुतेक ग्रामीण लेखकांचा प्रवास गावाकडून शहराकडे, शेताकडून प्राध्यापकीकडे झाला आहे. गाव मागे सुटल्यावर त्याची आठवण म्हणून त्यांनी लिहिले. महानोर उलट दिशेने आले आणि मग गावातच राहिले. त्यांच्या कवितेत गावाबद्दलचा गहिवर कमी आणि रोजचा व्यवहार जास्त आहे, तो यामुळे.

या पट्ट्याला कवितेची परंपरा होती. तापीच्या खोऱ्यातल्या धरणगावी १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, जन्मले. जळगावजवळच्या असोद्याला १८८० मध्ये बहिणाबाई चौधरी जन्मल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपात आली तेव्हा महानोर दहा वर्षांचे होते. या दोघांचे नाव महानोरांबरोबर नेहमी घेतले जाते. बालकवींशी नाते जोडणे सोपे आहे, कारण दोघांनाही निसर्गकवी म्हणतात. पण बालकवी निसर्ग पाहतात. त्यांच्या कवितेतल्या माळावर, झऱ्याकाठी कोणी काम करत नाही. महानोरांच्या कवितेतले रान कसलेले, पेरलेले, राखलेले आहे. तिथे झाडाखाली बसणारा माणूस वखर सोडून बसलेला असतो. खरे नाते लागते ते बहिणाबाईंशी. ‘निसर्गकवी’ हे बिरूद महानोरांना आयुष्यभर चिकटले; ते निम्मेच खरे आहे.

बहिणाबाईंच्या गाण्यांमागे जात्यावरची ओवी होती, महानोरांच्या मागे तिच्यासोबत आणखी बरेच काही होते. १९५०च्या दशकात या भागात विहिरीवर मोट चालत असे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल, तिला जाड नाडा. बैलजोडी धावेच्या उतारावर पुढे गेली की मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतते, बैल मागे आले की पुन्हा विहिरीत उतरते. थारोळ्यातून पाणी पाटात, पाटातून दंडात, दंडातून वाफ्यात. वाफा भरला की बारे देणारा दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्याला वळवतो. पहाटेपासून हे चालायचे आणि मोटकरी बैलांना हाकताना गायचा. बैल पुढे जाण्याला एक ओळ, मागे येण्याला दुसरी. पुढे इंजिन आले, मग विजेचा पंप, आणि मोटेबरोबर मोटेवरचे गाणेही बंद पडले. ज्यांच्या कानावर ते जिवंत पडले अशा शेवटच्या पिढीतले महानोर एक. त्यांच्या कवितेची लय वृत्ताच्या नियमांपेक्षा अशा कामाच्या लयीच्या जास्त जवळ आहे. शब्दांची पुनरावृत्ती, ओळ अर्ध्यावर सोडून पुन्हा उचलणे, शेवटी एखादा लांबवलेला स्वर, हे सगळे मुळात गाणाऱ्याचे आहे.

याच मुलखात ‘वही’ नावाचा गाण्याचा प्रकार आहे. मुख्य गाणारा एक, त्याला धरून ठेवणारे साथीदार चार-सहा, डफ-टाळांची साथ, आणि रात्रभर चालणारे कथागायन. लिहिण्याच्या वहीशी याचा संबंध लावायचा मोह होतो, पण खानदेशात वही ऐकायची असते. महानोरांनी आपल्या दुसऱ्या संग्रहाला हेच नाव दिले. गावातल्या बायकांच्या ओव्या आणि लोकगीते त्यांनी ‘पळसखेडची गाणी’ या पुस्तकात गोळा केली.

पहिला संग्रह ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने काढला. त्या वेळच्या मराठी कवितेकडे पाहिले तर हे पुस्तक किती वेगळे होते ते कळते. मर्ढेकरांनी दोन दशकांपूर्वी कवितेत महानगर आणले होते. साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकांची धामधूम सुरू होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांची पिढी प्रस्थापित भाषेची मोडतोड करत होती. एकाकीपणा, यंत्र, गर्दी, विटलेले शरीर हे त्या कवितेचे विषय. तशात एका पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याने कोंब, पाणकळा, आंबराई, बोरीबाभळी या शब्दांत कविता लिहिली. शहरी वाचकाला ती ताजी वाटली. तिला जुनाट म्हणावे तर तशी ती नव्हती. रविकिरण मंडळाच्या काळातली जानपद गीते शहरातल्या कवींनी खेडुताचा वेष घालून लिहिली होती. इथे वेष नव्हता. नवकवितेने शिकवलेली प्रतिमांची घट्ट वीण इथेही होती, फक्त प्रतिमा शिवारातल्या होत्या.

या कवितेतला पाऊस नीट समजायला कोरडवाहू शेतीचे वेळापत्रक ठाऊक असावे लागते. रोहिणीत जमीन वखरून तयार ठेवायची. मृग लागला की आभाळाकडे डोळे. कोणी धीर करून पावसाआधीच कोरड्यात पेरतो, ती धूळपेरणी. पाऊस वेळेवर आला तर त्याचे पीक गावात सगळ्यांच्या पुढे. नाही आला तर बियाणे मातीत करपते आणि दुबार पेरणीसाठी सावकाराचा उंबरठा. मृग ते आर्द्रा या पंधरा-वीस दिवसांत वर्षाचा निकाल निम्मा लागलेला असतो. महाराष्ट्रातली चार-पंचमांश शेती अशी पावसाच्या भरवशावर आहे. ‘पावसाळी कविता’ हा संग्रह १९८२ मध्ये आला. शहरातल्या वाचकाने त्यात चिंब भिजणे वाचले. शेतकऱ्याला त्याच ओळींत सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो. आनंद दोन्हीकडे आहे, पण एका आनंदाच्या मागे पैसा आणि धान्य उभे आहे. महानोरांच्या पावसाचा उत्सवी सूर अनेकांना अतिरेकी वाटला. ज्याच्या घरात पेरलेले बी उगवणार की नाही याची चिंता असते, त्याला तो तसा वाटणार नाही.

या कवितेची दुसरी बाजू शृंगाराची. जमीन आणि स्त्री, पेरणी आणि मीलन, ढग आणि प्रियकर ही लोकगीतांतली जुनी जोडी त्यांनी उघडपणे, संकोच न ठेवता वापरली. लावणीचा संस्कार इथे स्पष्ट आहे. हा मार्ग निसरडाही होता. सलग वाचत गेले की तीच प्रतिमा, तेच भिजलेपण पुन्हा पुन्हा येते आणि गोडवा जास्त होतो, हा आक्षेप रास्त आहे. छापील पानावर जे जास्त वाटते ते गायल्यावर मात्र नेमके बसते.

ही गोष्ट सिनेमाने सिद्ध केली. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर १९७७ मध्ये चित्रपट केला. कथा ठाकर आदिवासींची, जागा कर्नाळ्याच्या परिसरातली. गाणी लिहायची होती सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरवाडीची आणि कवी होता कापूस-ज्वारीच्या मुलखातला. महानोरांनी ठाकरांच्या बोलीची नक्कल केली नाही. त्यांनी लोकगीताची घडण धरली: छोटी ओळ, समूहाने उचलायचा शेवट, प्रश्न आणि त्याचे उत्तर. हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाली दिल्या, आणि गाणी कथेच्या मध्ये न येता स्वतःच कथा सांगू लागली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रेडिओमुळे ही गाणी घरोघर गेली. ज्यांनी महानोरांचा एकही संग्रह उघडला नव्हता अशा लाखोंना त्यांची कविता पाठ झाली, कवीचे नाव ठाऊक नसतानाही. लोकगीताच्या वळणाने लिहिणाऱ्याला याहून मोठी पावती कोणती?

पुढे ‘सर्जा’, ‘एक होता विदूषक’, ‘मुक्ता’, ‘दोघी’ या चित्रपटांची गाणी त्यांनी लिहिली. ‘एक होता विदूषक’ १९९२ चा, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, संगीत आनंद मोडक यांचे, नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशाच्या फडावर वाढलेल्या कलावंताची ती गोष्ट असल्याने लावणी हवीच होती, आणि इथे महानोर घरच्या मैदानावर होते. ‘दोघी’ दुष्काळी गावातल्या दोन बहिणींची कथा. तिच्या गाण्यांत ओलावा नाही, भेगाळलेली भुई आहे. त्यांच्या चित्रपटगीतांची संख्या फार मोठी नाही. जे लिहिले ते बहुतेक गावाशी, मातीशी निगडित चित्रपटांसाठीच.

१९७८ मध्ये राज्यपालांनी महानोरांची विधान परिषदेवर नियुक्ती केली. परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागा साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी असतात. ग. दि. माडगूळकर याच वाटेने त्यांच्या आधी सभागृहात गेले होते. अशा सदस्याने अधूनमधून भाषेबद्दल चार चांगले शब्द बोलावेत अशी अपेक्षा असते. महानोर बोलले ते मुख्यतः पाण्याबद्दल. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. त्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती, आणि ती फोडलेली खडी पुढे कशाच्या उपयोगी, हा प्रश्न शिल्लक होता. मोठी धरणे सगळ्या शिवारांपर्यंत पोचणार नाहीत हे उघड दिसत होते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत, राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांचे बंधारे असे प्रयोग त्याच सुमारास उभे राहत होते. गावात पडणारे पाणी गावातच अडवावे आणि जिरवावे, कोरडवाहू जमिनीवर फळझाडे लावावीत, हा महानोरांचा आग्रह होता. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू केली. त्याच वर्षी त्यांची दुसऱ्यांदा परिषदेवर नेमणूक झाली.

हे सगळे ते आधी स्वतःच्या शेतात करून पाहत. पळसखेडच्या शिवारात बंधारे, तळी, बांधबंदिस्ती झाली. कापसाच्या जोडीला फळबाग आली, त्यात सीताफळ मुख्य. सीताफळाची निवड विचार करून केलेली होती. ते झाड मुरमाड जमिनीत तगते, जनावर त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, आणि पाण्याचा एखादा ताण सोसून फळ देते. आपल्या बागेतल्या एका सीताफळाला त्यांनी लता मंगेशकरांच्या नावावरून ‘लताफळ’ म्हटले. राज्य सरकारने त्यांना शेतीसाठी ‘कृषिभूषण’ दिला, केंद्र सरकारने १९९१ मध्ये ‘पद्मश्री’, आणि २००० चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘पानझड’ या संग्रहाला मिळाला. शेतीचा आणि कवितेचा असे दोन्ही सन्मान एकाच माणसाला मिळाल्याची उदाहरणे मराठीत हाताच्या बोटांवर मोजावी इतकीही नसतील.

दरम्यान १९८४ मध्ये ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आले. विषय त्यांच्या घराच्या अंगणातला होता. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूरच्या घळीत लेणी दिसली. पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवले. गिल अजिंठा गावात राहिला. वटवाघळांनी भरलेल्या अंधाऱ्या लेण्यांत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. गिल तरीही राहिला. तो १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. गावातल्या पारो नावाच्या तरुणीशी त्याचे प्रेम जडले होते. ती १८५६ मध्ये गेली आणि गिलने तिच्या नावाचा दगड अजिंठा गावात उभारला. गॅझेटियरमध्ये गिल सापडतो, पारो मात्र लोकांच्या तोंडी राहिली होती. महानोरांनी काव्य रचले ते मुख्यतः तिच्या बाजूने. इतिहास म्हणून त्याकडे पाहू नये. ते प्रेमकाव्य आहे आणि त्यात पारोचे तपशील कवीने भरलेले आहेत. पण लेण्यांवर लिहिलेल्या शेकडो पानांत ज्या गावाने त्या चित्रकाराला सांभाळले ते गाव आणि तिथल्या बाईचे मन या काव्यामुळेच आले. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्यावर चित्रपट काढला, त्याचे संगीत कौशल इनामदारांचे होते.

‘गांधारी’ ही कादंबरी, ‘गावातल्या गोष्टी’ हा कथासंग्रह, आठवणींचे गद्य असेही त्यांच्या नावावर आहे. गद्यात ते साधे, बोलके लेखक आहेत. कवितेची उंची तिथे क्वचितच दिसते. नव्वदच्या दशकात कवितेचाच सूर बदलला. ‘पानझड’ १९९७ चा संग्रह. शीर्षकच सांगते की तिथे पालवी नाही. तीस वर्षांपूर्वीच्या ‘रानातल्या कविता’ शेजारी ठेवून तो वाचावा. शब्द बरेचसे तेच, झाडे तीच, पाखरे तीच. पण पाखरे उडून गेलेली, विहिरी आटलेल्या, माणसे खचलेली. याच काळात कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाढू लागल्या होत्या. महानोरांनी घोषणा दिल्या नाहीत, आरोपपत्रही लिहिले नाही. शेताची समृद्धी ज्या भाषेत सांगितली होती त्याच भाषेत त्याची पडझड सांगितली. साहित्य अकादमीने नेमका हा संग्रह निवडला यात निवड समितीची जाण दिसते. पहिल्या पुस्तकातले आनंदी रान पुष्कळांना आवडले होते. ‘पानझड’ने ते रान कोणत्या अटींवर हिरवे राहते हे सांगितले. नंतरच्या ‘तिची कहाणी’मध्ये बायकांच्या सोसण्याच्या कथा आहेत.

२००९ चा जनस्थान पुरस्कार त्यांना मिळाला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे कधीच आले नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे उद्घाटन करायला ते गेले. त्या वेळी अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष असलेल्या संमेलनाला जाऊ नये असा दबाव महानोरांवर आणला गेला होता. प्रकृती खालावलेली होती, तरी ते व्यासपीठावर आले.

त्यांच्यानंतर ग्रामीण कविता लिहिणाऱ्यांची संख्या वाढली. बरेच जण महानोरांचे शब्द उचलतात, कोंब आणि पाणकळा त्यांच्याही ओळींत येतात. वाफ्याला पाणी देताना दारे मोडायचे कधी आणि बांधायचे कधी, हे माहीत असलेला कवी त्यांत विरळा.

३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात महानोर यांचे निधन झाले आणि त्यांना पळसखेडला नेण्यात आले. त्या वर्षी पेरण्या होऊन पिके रानात उभी होती. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत तो ऑगस्ट देशातला सर्वांत कोरडा ठरला.